दोरी बसली की सांग

१

दुपारचे तीन वाजले की बाबा चहाचा कप पालथा ठेवायचे, गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि वाळवणीच्या खोलीत जायचे. नेम एवढा पक्का की शेजारचा घड्याळजी म्हणायचा, तुमच्या म्हाताऱ्यावर मी माझी घड्याळं लावतो. बाबांचं वय एकोणऐंशी. उजवा खांदा दहा वर्षांपूर्वी निकामी झालेला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्यात पिकायच्या बेतात. पण नेम म्हणजे नेम.

त्या वेळी धाकटी बाहेरच्या खोलीत कानस घेऊन बसलेली असायची. धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. वय एकोणपन्नास, केस पांढरे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढता, तरी अख्ख्या गल्लीला ती धाकटीच. ज्याच्यामुळे ती धाकटी होती तो थोरला चाळीस वर्षांपूर्वी गेला, पण नाव मागे राहिलं. नावं अशी चिवट असतात.

घराण्याचा धंदा धनुष्यं करण्याचा. आता धनुष्य कोण घेतो, असं विचारू नये. नेमबाजी शिकवणारे घेतात, नाटकवाले घेतात, आणि हौसेला मोल नसतं. गेल्या वर्षी तर एका संग्रहालयानं मोठंच काम दिलं होतं. भिंतीवर ओळीनं पाच धनुष्यं लावायची, माणसानं पहिलं धनुष्य वाकवलं तिथपासून.

"पहिला माणूस आळशी होता," बाबांनी संग्रहालयाच्या बाईंना सांगितलं होतं. "सावजामागे धावायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं फांदी वाकवून दोरी बांधली. दुसरा शहाणा. त्याला कळलं की खोडाच्या गाभ्याचं लाकूड दाब सोसतं आणि सालीकडचं लाकूड ताण सोसतं, मग त्यानं दोन्ही एकाच काठीत ठेवली. तिसऱ्याकडे धड लाकूडच नव्हतं. त्या बिचाऱ्यानं वाईट लाकडाच्या पाठीवर जनावराच्या नसा चिकटवल्या. चौथ्यानं पोटाला शिंग लावलं. आणि पाचव्याला घोड्यावरून मारायचं होतं, म्हणून त्यानं कमान आखूड केली आणि टोकांना ताठ कान काढले. झालं. पुढची सगळी नुसती नक्कल."

पहिली चार धनुष्यं कधीच तयार होऊन भिंतीला लागली. पाचवी, शिंगाची कमान, म्हणजे वर्षभराचं बाळंतपण. मधे लाकडाची पातळ पट्टी, पोटाला तासलेलं शिंग, पाठीला नसा कुटून, त्यांचे धागे करून, सरसात भिजवून बसवलेले. मग सगळं दोरखंडानं उलटं आवळून वर्षभर वाळत ठेवायचं. बाबांनी अशी कमान चाळीस वर्षांत केली नव्हती. ते नाही म्हणतील असं धाकटीला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. पण बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाबा हो म्हणून मोकळे झाले.

वर्ष सरलं. दोरखंड सुटले. एका मंगळवारी धाकटी सरसाचं भांडं आणायला वाळवणीच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. कमान खुंटीवर टांगलेली होती आणि तिच्यावर दोरी चढवलेली होती.

"बाबा, दोरी कुणी चढवली?"

"चढवली."

"ते दिसतंय. कुणी?"

"आज जरा ताणात राहू दे तिला," बाबा म्हणाले. "उजवी बाजू अजून जड आहे, कमी वाकते. उद्या तासू."

धाकटीनं भांडं उचललं आणि ती बाहेर आली. भांडं रिकामं आहे हे तिला चुलीपाशी पोचल्यावर कळलं.

२

यात एवढं दचकण्यासारखं काय, असं ज्यांनी शिंगाची कमान पाहिली नाही त्यांना वाटेल. साध्या लाकडी धनुष्याला दोरी चढवणं एकट्याचं काम. एक टोक पायाशी टेकवायचं, गुडघ्यानं रेटायचं, फास सरकवायचा. शिंगाची कमान मात्र दोरी काढली की उलट्या दिशेला वळते, पार फुटक्या बांगडीसारखी. तिला आधी सरळ करायची, मग तिथून दुसऱ्या अंगाला वाकवायची, तेही शिंग कोमट आहे तोवर. हे दोघांचं काम.

या घरात ते असं चालायचं. वाळवणीच्या खोलीत मधोमध जाड कांबळ्याचा पडदा. पडद्याआड शेगडी, आणि शेगडीपाशी जमिनीत रोवलेला खांब. एकानं आत बसायचं, कमानीची मूठ खांबाला टेकवायची आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढायची. शिंगाला ऊब हवी म्हणून हा आत. कमानीचं उजवं टोक पडद्याच्या कडेनं बाहेर यायचं, तिथे दुसऱ्यानं उभं राहायचं. घामेजल्या बोटांतून फास निसटतो म्हणून हा बाहेर, गारव्यात. दोरीचा डावा फास आधीच अडकवलेला असायचा. बाहेरच्यानं उजवा फास टोकाच्या खाचेत बसवला की काम झालं.

आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून तो विचारतो, "बसली?" बाहेरचा नीट बघतो, बोटानं चाचपतो आणि म्हणतो, "बसली." मगच आतला हात सैल सोडतो. फास खाचेत पुरता नसताना त्यानं सोडलं, तर कमान अंगातच पीळ घेऊन उलटते. आतल्यावर उलटेल की बाहेरच्यावर, ते तिचं तिलाच ठाऊक.

"दोरी बसली की सांग," बाबा दोन्ही मुलांना शिकवायचे. "नसेल बसली तर नाही म्हण. नाही म्हणायला लाज कसली?"

तर आता बाबांचा दुसरा कोण होता? धाकटीनं डोकं चालवलं. त्यांनी कप्पी लावली असेल. खोलीत कप्पी नव्हती. पलीकडचा लोहार मदतीला आला असेल. लोहार महिनाभर लेकीकडे गेलेला. कमानच हलकी झाली असेल. तिनं ती काट्याला टांगून खेचून पाहिली, तर काटा तीस किलोच्या पुढे सरकला. बाबांना उजव्या हातानं भरलेली किटली उचलत नाही. बुधवारी सकाळी कमान उतरवलेली होती, तेव्हा धाकटीनं स्वतः आत बसून ती ओढून पाहिली. सरळसुद्धा होईना.

आपणच अशक्त झालोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो, आणि ऐकणाराही तोच असल्यामुळे फारसा वाद होत नाही.

३

बुधवारी तीन वाजता बाबा आत गेल्यावर तिनं कानस खाली ठेवली आणि ती भिंतीला कान लावून उभी राहिली. स्वतःच्याच बापावर हेरगिरी करताना तिला लाज वाटली, पण ती हलली नाही.

शेगडीत कोळसा सरकला. शिंग तापताना होते तशी बारीक करकर झाली. मग बाबांची पावलं वाजली, पडद्याकडून दाराकडे. म्हणजे बाबा पडद्याबाहेर आले होते. आणि त्यानंतर आतला खांब कुरकुरला. तो खांब जोर लागल्याशिवाय कुरकुरत नाही.

मग शांतता. फार मोठी नाही, एक शब्द विचारायला लागेल एवढीच.

"बसली," बाबा म्हणाले. पुन्हा तेवढीच शांतता. मग बाबा हसले. "अरे, सांगितलं ना! दोनदा कशाला विचारतोस?"

दोरीनं ताण घेतला. तो आवाज धाकटीला झोपेतही ओळखू आला असता.

दोनदा विचारायची खोड थोरल्याची होती. एकदा साधं, आणि मग जरा दम खाऊन पुन्हा. सगळे त्यावरून त्याला चिडवायचे.

म्हातारी माणसं आपल्याशीच बोलतात, तिनं मनाला बजावलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि बाबांची साठी उलटून वीस वर्षं होत आली होती. बाबा हातपाय धुवायला गेले तशी ती खोलीत शिरली आणि तिनं पडदा बाजूला केला. शेगडी होती, खांब होता, बसायचं बुटकं स्टूल होतं. स्टुलावर कुणी नव्हतं. असणार तरी कोण?

भिंतीवरच्या खिळ्याला थोरल्याचे चामड्याचे पंजे टांगलेले होते. कमान ओढताना तळहात सोलवटू नयेत म्हणून घालायचे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मापाचे. आईनं ते कुणाला काढू दिले नव्हते, आणि आईनंतर कुणी हात लावला नव्हता. चाळीस वर्षांत वाळून ते ढलपीसारखे कडक झाले होते.

तिनं एका पंज्यात बोट घातलं. चामडं मऊ होतं. आत घामाची ओल होती, आणि ती ओल कोमट होती.

४

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. धाकटीच्या मनात ते चाळीस वर्षं पडलेलं होतं.

ती नऊ वर्षांची होती. दुपारच होती. बाबा मागच्या अंगणात सरस शिजवत होते. थोरला पडद्याआड, ती बाहेर. रस्त्यावर मैत्रिणी दोरीच्या उड्या मारत होत्या आणि तिला हाका मारत होत्या, डाव संपत आलाय, येतेस की नाही. फास नवा होता, जरा जाड वळलेला. खाचेच्या तोंडाशीच अडकत होता. ती रेटत होती, तो परत वर येत होता.

"बसली?" थोरल्यानं विचारलं. ती बोलली नाही.

त्यानं दम खाल्ला. "बसली का गं?"

आणि धाकटी म्हणाली, "बसली."

एवढंच. तिनं अंगठा काढून घेतला आणि ती दाराकडे वळली. मागे जो आवाज झाला तो काही फार मोठा नव्हता. कपाटाचं दार आपटावं तेवढा. कमान आतल्या बाजूला उलटली होती आणि थोरल्याच्या कानशिलावर बसली होती. तो संध्याकाळपर्यंतही राहिला नाही.

बाबांनी मोडकी कमान हातात घेतली. तिच्या पाठीवरच्या नसा एका जागी सुटून आल्या होत्या. त्या त्यांनी पाहिल्या आणि स्वतःच निकाल दिला. सरस कच्चा राहिला, म्हणून कमान उलटली. धाकटीला कुणी काही विचारलंच नाही. "माझ्या सरसानं माझं पोर खाल्लं," बाबा येईल त्याला सांगायचे. आईनं ते खरं मानलं. ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. बाबांना वेळेवर वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, आजारपणात उशाशी बसायची. पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं की धाकटीकडे बघून बोलायची, "यांना म्हणावं, पान घेतलंय."

धाकटी रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, आज नको, उद्या सांगू. असं करता करता आई गेली. त्यानंतर सांगण्यात काय अर्थ होता? अर्थ होता, हे तिलाही कळत होतं. ती भित्री होती, दुसरं काही नाही.

५

पुढचे तीन आठवडे ती तीन वाजले की बाजारात जायची. घरात भाजी सडायला लागली, तरी जायची. एका गुरुवारी बाबांनी कप पालथा ठेवला, पण ते उठले नाहीत.

"चोवीस वेळा चढवली," ते म्हणाले. "चोवीस वेळा उतरवली. एक नस हलली नाही."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसं? सरस तोच आहे. पाणी तेवढंच, आच तेवढीच, वाळवण तेवढंच. मी मुद्दाम सगळं तसंच्या तसं केलंय. सरस चुकला असता तर आताही चुकला असता. मग तेव्हा काय झालं?"

धाकटीनं कपातला गाळ पाहिला. "बाबा, आता कशाला उकरून काढायचं ते?"

"चाळीस वर्षं मी पोराला मारलंय असं समजून जेवतोय. मरायच्या आधी एकदा कळू तर दे." बाबांनी डोळे पुसले. ते हल्ली आपोआपच पाझरायचे, त्यामुळे रडतायत की काय ते समजत नसे. "त्यालाच विचारलं मी."

"काय म्हणाला?" धाकटीनं विचारलं, आणि आपण हे काय विचारलं ते तिला मग उमजलं.

"त्याला कुठे दुसरं काही बोलता येतं. तेवढंच एक येतं, तेही दोनदा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नाही बघ." बाबा हसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "उद्या संग्रहालयाच्या बाई कमान न्यायला येतायत. शेवटचं एकदा चढवून बघू. पण माझी बोटं आज फार थरथरतायत. तू बसव दोरी."

"मला नाही जमणार."

"नऊ वर्षांची असताना जमायचं," बाबा म्हणाले.

ते सहज म्हणाले की मुद्दाम, हे तिला कळलं नाही. नाही म्हणायला लाज कसली, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर का, तेही सांगावं लागलं असतं. ती उठली आणि त्यांच्यामागून गेली.

६

तिनं आधी पडद्याआड जाऊन पाहिलं. शेगडी फुललेली. कमान खांबाला टेकून ठेवलेली, उलट्या बाजूला वळलेली, डावा फास अडकवलेला. स्टूल रिकामं. भिंतीवरचा खिळाही रिकामा होता.

"आत रेंगाळू नकोस," बाबा बाहेरून म्हणाले. "त्याला बसू दे."

ती बाहेर येऊन ठरलेल्या जागी उभी राहिली. चाळीस वर्षांनी पाय बरोबर तिथेच पडले. बाबा तिच्या शेजारी उभे होते. छताजवळच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा येत होता आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

स्टूल कुरकुरलं. माणूस बसल्यावर कुरकुरतं तेवढंच.

मग खांब कुरकुरला आणि पडद्याच्या कडेनं कमानीचं टोक बाहेर आलं. सावकाश, न थांबता. तापल्या शिंगाचा वास आला. टोक तिच्या छातीच्या उंचीला येऊन थांबलं आणि तिथे थरथरत राहिलं, खूप जोर लावून धरलेली वस्तू थरथरते तसं. धाकटीनं फास उचलला. तिचे हात थंडगार पडले होते, त्यामुळे बोटं कोरडी होती. फास टोकावरून सरकला, खाचेच्या तोंडाशी आला आणि आत बसला. पुरता बसला. तिनं अंगठ्यानं चाचपलं, नखानं चाचपलं.

"विचारतोय तो," बाबा म्हणाले. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"बसली," ती म्हणाली.

काही झालं नाही. टोक तसंच थरथरत राहिलं.

"बसली," ती मोठ्यानं म्हणाली.

"सोड रे," बाबा म्हणाले. "बसली म्हणतेय ना ती."

पडद्याची कड हलली आणि तिथून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंतच. चामड्याचा पंजा चढवलेला, पुढे उघडी बोटं, कोवळी, नखांत सरस वाळलेला. धाकटीला ती बोटं पाठ होती. बोटं तिला शिवली नाहीत. ती टोकावरून चाचपत पुढे आली, खाचेपाशी थांबली आणि फासाभोवती सावकाश फिरली. एकदा. मग पुन्हा एकदा. एकदा फसलेला माणूस पुढच्या खेपेला मोड परत मोजून घेतो, तशी. मग हात आत गेला.

तरी आतल्यानं सोडलं नाही.

"त्यानं हात कशाला बाहेर काढला?" बाबांनी विचारलं. त्यांना कितपत दिसलं होतं कोण जाणे, पण दिसलं होतं. "चोवीस वेळा मी सांगितलं. चोवीस वेळा त्यानं माझ्या शब्दावर सोडलं. कधी हात बाहेर काढला नाही." ते तिच्याकडे वळले. पिकला डोळा आणि पिकत आलेला डोळा, दोन्ही तिच्यावर रोखले गेले. "तुझ्या शब्दावर का नाही सोडत गं तो?"

धाकटीकडे चाळीस वर्षांत जमवलेली पुष्कळ उत्तरं होती. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही.

"त्या दिवशी बसली नव्हती, बाबा," ती म्हणाली. "मी खोटंच बसली म्हटलं. मला खेळायला जायचं होतं."

बोलून झाल्यावर तिला क्षणभर फार हलकं वाटलं. मग तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कामाच्या वेळी असायचा तसा तो चेहरा होता.

"तुझी आई," बाबा म्हणाले. "अकरा वर्षं."

आतला खांब अजून कुरकुरत होता. धाकटीचा अंगठा अजून फासावर होता आणि तो काढायची तिची छाती होत नव्हती.

"हात काढ," बाबा म्हणाले.

तिनं काढला आणि ती मागे सरायला गेली.

"तिथेच उभी राहा."

ती उभी राहिली. बाबांनी आपले दोन्ही हात खाचेवर ठेवले. मघाशी थरथरणारी ती बोटं आता अजिबात थरथरत नव्हती. ती फासाशी काहीतरी करत होती. घट्ट बसवत होती की वर उचलत होती, धाकटीला दिसेना, कारण हातांची पाठ आड येत होती. तिनं वाकून मान पुढे केली, तर टोक तिच्या कपाळाच्या समोर आलं.

"बसली?"

या वेळी तिलाही ऐकू आलं. पडद्याआडून, अगदी जवळून, जोर लावून लावून दमलेला आवाज. त्यानं दम खाल्ला.

"बसली का गं?"

धाकटीनं तोंड उघडलं. पण या खेपेला तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"बसली," बाबा म्हणाले.